तड्याचा फोटो

माझा थोरला भाऊ वासिल मला खोटारडा म्हणाला, त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त ज्या दिवशी म्हणाला, नेमका त्याच दिवशी मी खरं बोलत होतो.

मी नेस्टर. कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावात तेवीस वर्षं लोकांच्या तळघरांत उतरून गॅसच्या भट्ट्या तपासतोय. घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या. फिल्टर बदलायचा, बर्नर घासायचे, ज्योत निळी आहे ना बघायची. मग आरसा आत घालून लोखंडी पेटी नीट तपासायची. ज्वाळा त्या पेटीच्या आत, घरातली हवा पेटीच्या बाहेरून. पेटीला तडा गेला की विषारी धूर सरळ घरात. त्याला ना रंग, ना वास. म्हणून तडा दिसला की गॅस बंद करून भट्टीला लाल चिठ्ठी बांधायची, आणि दुरुस्ती होईपर्यंत ती कोणी पेटवायची नाही.

आता आमची लबाडी ऐका. मी ज्या भट्ट्यांच्या दुकानात नोकरीला, त्याच्या मालकाने आम्हा कामगारांना एक फोटो देऊन ठेवला होता, देव जाणे कुठल्या भट्टीतल्या तड्याचा. जुनी भट्टी दिसली की वर येऊन मोबाइल पुढे धरायचा, "बघा आजी, तुमच्या खालचा प्रकार." आजी घाबरायची, नवी भट्टी बसायची. मी तो फोटो किती घरांत दाखवला, आठवत नाही. वासिलच्या सासूलासुद्धा दाखवला. जनाची नाही, निदान मनाची तरी वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

वासिल शेतीची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. सासूची जुनी भट्टी भंगारात देण्याआधी त्याने ती उघडून पाहिली. पेटी ठणठणीत होती. तो बायकोला काही बोलला नाही, मलाही नाही. पण त्या दिवसापासून मला 'फोटोग्राफर' म्हणायला लागला.

चार जानेवारीला तेक्लाचा, माझ्या वहिनीचा, फोन आला. "नेस्टर, रोज सकाळी डोकं नुसतं ठणकतं रे. अंगणात गेलं की उतरतं. येऊन बघ ना. मी बोलावलं म्हणून त्याला सांगू नकोस."

गेलो. ज्योत पिवळी होती, आणि पंखा सुरू झाला की डुलायची. आरशात पाहिलं तर बोटभर तडा. फोटो काढला, गॅस बंद केला, लाल चिठ्ठी बांधली. विजेचे दोन हीटर माझ्या गाडीतून आणून दिले. बाहेर उणे चौतीस. मग वर येऊन वासिलला सांगितलं.

"वासिल, पेटीला तडा आहे."

"असणारच! फोटो काढलास की नाही, फोटोग्राफर?"

मी मूर्खासारखा मोबाइल पुढे केला. तो पोट धरून हसला. "अरे वा! सासूबाईंचा तडा आमच्याकडे राहायला आला!"

"खाली चल, आरशात दाखवतो."

"मला मोतीबिंदू आहे, ते तुला चांगलं ठाऊक आहे. म्हणून आरसा होय?"

"वासिल, ऐक तरी त्याचं," तेक्ला म्हणाली. "माझं डोकं..."

"तुझं डोकं लग्नापासून दुखतंय." मग माझ्याकडे वळून, "परवा आपल्या जुन्या पंचांगातल्या नाताळची संध्याकाळ. बारा पदार्थ, चौदा पाहुणे. त्यांना काय कोट घालून जेवायला बसवू?"

"आईची शपथ, वासिल."

"सासूबाईंच्या स्वयंपाकघरातही तू आईचीच शपथ घेतली होतीस."

घेतली होती. आता एकच वाक्य बोलायचं होतं: तेव्हा मी खोटं बोललो, आज खरं बोलतोय. पण तेक्ला समोर उभी होती, आणि फसवली होती ती तिची आई. माझी जीभ रेटली नाही. उलट रागच आला. "मग बसा कुडकुडत!" म्हणालो, धूर ओळखून बोंबलणारी डबी तेक्लाच्या हातात कोंबली आणि गाडीत जाऊन बसलो. गॅसची नळी तोडून बूच मारायला दहा मिनिटं लागली असती. तेही केलं नाही.

सहा तारखेला सकाळी हीटर नीट चालतायत का बघायला गेलो. दार उघडलं तर छान उबदार हवा तोंडावर आली. दोन हीटरांनी एवढं घर तापत नाही. मी तिथेच समजलो.

वासिल घरातल्या बोळात पडला होता, श्वास चालू होता. तेक्ला स्वयंपाकघरात खुर्चीवर, डोकं टेबलावर, पुढ्यात उकडलेली कोबीची पानं, निम्मी भात भरून गुंडाळलेली. दोघांना ओढत बाहेर बर्फात आणलं. वासिल वाचला, तेक्ला गेली. डबी खणात सापडली, बॅटरी काढलेली.

चौकशीला साहेब आले. चिठ्ठी बांधली होती का? होती. गॅस बंद केला होता का? केला होता. "तुमची काही चूक नाही," म्हणाले, आणि तसं कागदावर लिहूनही दिलं. मालकाने माझी पाठ थोपटली.

दफन झाल्यावर आठवड्याने वासिलने मला बोलावलं. घर गार पडलं होतं, तो कोट घालूनच बसला होता.

"फोटो दाखव."

मी त्याच्या भट्टीचा फोटो काढून दिला. त्याने मोबाइल बऱ्या डोळ्याजवळ, अगदी नाकाशी धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"तोच आहे," तो म्हणाला.

"नाही रे. हा तुझ्या घरातला आहे. चार तारखेचा."

"तोच आहे, नेस्टर."

मी आईची शपथ घ्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं.