उतू गेलेला ठोकळा

फोमच्या कारखान्यात त्यांना सगळे काटेमास्तर म्हणत, कारण चिमूटभर वस्तूही ते काट्यावर ठेवल्याशिवाय वापरत नसत. कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या धुराड्यात साचणारी राख फोममध्ये मिसळून भिंतीत भरायचे ठोकळे बनवायचे, हे लोढणं वर्षभर त्यांच्या गळ्यात होतं. राख भाजून खडखडीत कोरडी केली तरच फोम धड बसतो, हे त्यांना चाळीस साचे वाया गेल्यावर कळलं. मग एक ठोकळा असा जमला, की त्यावर खुशाल उभं राहावं. साहेबांनी पसंत केला तर मास्तरांची पद्धत कायम, नाहीतर मास्तर घरी.

साहेबांसमोर ताजा ठोकळा ओतायचा होता. राखेचा कणही उडता कामा नये, असं मास्तरांनी झाडूवाल्या मावशींना दहादा बजावलं. मावशी पडल्या आज्ञाधारक. झाडण्याआधी शिंपडतात तसं त्यांनी भाजलेल्या राखेवर पाणी शिंपडलं आणि पोतं नीट बांधून ठेवलं. मास्तरांनी त्यातून लागेल तेवढी राख तोलून घेतली. वजन बरोबर भरलं. ओल दाखवणं काही काट्याचं काम नव्हे.

पाणी लागलं की फोमला ऊत येतो. साच्याचं झाकण उडालं आणि फोम दुधासारखा उतू जाऊन साहेबांच्या बुटांपर्यंत पोचला. मास्तर फडकं घेऊन धावले. साहेब मात्र हरखले. तेवढ्याच मालात दीडपट फोम!

"साहेब, हा ठिसूळ आहे," मास्तर म्हणाले. "बोटानं दाबा, भुगा होईल."

"भिंतीच्या आत बोट घालायला कोण जातंय?"

झालं. मावशींना बढती मिळाली, खुर्ची मिळाली. मास्तरांची नोकरी वाचली, पण मावशींच्या हाताखाली. शिंपडायचं किती, हे मावशी ठरवणार आणि मास्तर ते वहीत लिहिणार. त्यांचा तो भक्कम ठोकळा जड ठरून कचऱ्यात गेला आणि तिथून भट्टीत. हाताखाली बसणं त्यांनी पचवलं असतं, पण हे फार लागलं.

आठवड्याने भट्टीतल्या राखेची नवी पोती आली. मावशींनी झारी उचलली.

"मावशी, आज जरा बेतानं शिंपडा."

"का हो मास्तर?"

"यात माझा ठोकळा आहे."

मावशींनी झारी खाली ठेवली. मग घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली.