लताबाईचं जेवण

जीवराम पाटलाच्या घरचं भरीत ज्याने खाल्लं नाही, तो त्या गल्लीत नुकताच राहायला आला असं खुशाल समजावं. हिवाळा लागला की लताबाई मागच्या अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला बसायची. वांगी ठेचता ठेचता तिचं बोलणं चालू, हसणं चालू. डाळमिलमधली माणसं, व्यापारी, यावलकडच्या केळीच्या मळ्यातले वाटेकरी, सगळ्यांना जीवराम घरी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "हिच्या हातचं खा, मग बोला."

लताबाई स्वतःही खाणारी होती, आणि लपून खाणारी नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल-तिखट, हातात कांदा, असं उन्हात बसून निवांत खायची. मुलीच्या, चारुशीलाच्या पाठीवर झालेलं पोर गेलं, त्यानंतर तिचं अंग सुटलं ते सुटतच गेलं. गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची. पण जीवरामने त्यावरून कधी नावं ठेवली नव्हती. निदान चारू लग्नाची होईपर्यंत तरी नाही.

चारूला पाहायला पहिले पाहुणे आले ते चोपड्याचे. पोहे झाले, चहा झाला, बोलणंही बरं झालं. निघताना मुलाची मावशी रिक्षात बसता बसता शेजारणीला म्हणाली, "पोरगी चांगली आहे हो. पण आईकडे पाहिलं ना? खाण तशी माती." लताबाई कुंकवाची कोयरी हातात घेऊन दारातच उभी होती. मावशीला ते दिसत होतं.

दुसऱ्या पाहुण्यांनी कारणच सांगितलं नाही. तिसऱ्यांनी नकार कळवला त्या संध्याकाळी जीवरामने चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं.

"तुझ्यापायी पोरगी घरात राहणार."

लताबाई पीठ मळत होती. हात तसाच परातीत राहिला. इतक्या वर्षांत नवऱ्याने तिला पहिल्यांदाच लठ्ठ म्हटलं होतं, आणि तेही तो शब्द न उच्चारता.

वजन उतरवायचं ऑपरेशन करणाऱ्या मुंबईच्या इस्पितळाची माहिती त्यानेच कुठल्याशा व्यापाऱ्याकडून काढली. ते नव्याण्णव साल. जळगावात तोवर कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. "पोट फाडत नाहीत," तो समजावू लागला, "दुर्बिणीतून करतात. पोटाच्या वरच्या भागाला पट्टा बसवतात. मग माणूस आपोआप कमी खातो."

"तो पट्टा पुन्हा निघतो का?" लताबाईने विचारलं.

"काढायचा कशाला?" जीवराम म्हणाला.

चारू मात्र चिडली. "आई, तू जाऊ नको. तुझ्याकडे पाहून नाही म्हणणाऱ्यांच्या घरी मला जायचंच नाही."

"तू गप बस," लताबाई म्हणाली. पोरीसाठी आई काय काय करते, हे पोरीला आत्ता कळायचं नाही, असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या मावशीचं तोंड तिलाही बंद करायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळं समजावून सांगितलं: आधी नुसतं पातळ, मग मऊ, मग एकेक घास चावून चावून, जेवताना पाणी नाही. पट्टा घट्ट-सैल करायला बरगडीखाली कातडीच्या आत एक बटण बसवलं होतं, त्यात सुई टोचून पाणी भरायचं. तिथल्या मुलीने काय खायचं ते सांगितलं. सूप सांगितलं, इडली सांगितली. भाकरीचं तिला विचारलं, तर ती म्हणाली, "जपून."

जपूनही भाकरी उतरत नव्हती. घरी आल्यावर महिनाभराने लताबाईने पहिला तुकडा मोडला, वरणात बुडवला, चावला, गिळला. आणि छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळून बसावं तसं झालं. ना खाली जाईना, ना वर येईना. तोंडात लाळ दाटली, डोळ्यांना पाणी आलं. मोरीत बसली तेव्हा नुसता फेस पडला, मग तो तुकडा. त्यानंतर वाटीभर वरणभात कालवून, बाळाला भरवावा तसा ती स्वतःला भरवू लागली.

पोट लवकर भरायचं, ते खरं. पण तिची भूक काही नुसत्या पोटात नव्हती. ती नाकात होती, हातात होती. शेजारी कुणी मिरच्या भाजल्या की तिचा हात आपोआप परातीकडे जायचा. तिने भरीत केलं, माणसांना वाढलं, आणि स्वतः भिंतीला टेकून पाहत बसली. जेवणारी माणसंही मग भराभर उठली. पाहणाऱ्या बाईपुढे कुणाला घास गोड लागतो?

जीवरामने एक गोष्ट बजावून ठेवली होती. "ऑपरेशनचं कुणाला बोलायचं नाही. लोक हसतील. विचारलं तर सांग, डाएट केलं."

वजन उतरत गेलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गालाची कातडी लोंबली, केस गळाले. गल्लीतली सुंदरबाई एकदा गिरणीवर भेटली आणि तिचा हात धरून म्हणाली, "व माय, तुले झालं तरी काय?"

"डाएट केलं," लताबाई म्हणाली.

सुंदरबाईने मान हलवली. लताबाई वळली तशी मागे कुजबुज सुरू झाली. कुणी साखर म्हणे, कुणी कॅन्सर. आणि कुणीतरी त्या नव्या आजाराचं नाव घेतलं, ज्याचे बोर्ड तेव्हा सिव्हिलच्या भिंतीवर लागले होते. मिलच्या ट्रकांबरोबर जीवराम इंदूर-नागपूर फिरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

धुळ्याचं स्थळ आणलं ते नणंदेने, कमलबाईने. ती देवपुरात राहायची, दोन घरं सोडून रुपचंद पाटलांचं घर. मुलगा पॉलिटेक्निकला शिकवत होता. त्यांनी जळगावला येऊन चारूला पाहिलं, पसंत केलं. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाल्यावर जेवायला म्हणून बोलावणं आलं. तिथेच बोलणी पक्की करायची, असं ठरलं.

पुष्पाबाईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, खापरावर पुरणपोळ्या केल्या होत्या. रुमालासारख्या पातळ, हात हात लांब. पितळी वाट्यांत आमरस. वास नाकात शिरला आणि लताबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने पोळीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि बराच वेळ चावत बसली.

रुपचंदरावांची म्हातारी आई, भिकूबाई, काठी टेकत पंगतीतून फिरत होती. ती लताबाईपुढे थांबली. "माय व, तू तं काहीच खाई नही ऱ्हायनी. बठ्ठं ताट तसंच शे. आमना घरनं गोड नही लागत का?"

"तसं नाही हो, आजी. पोट भरलं."

"एवढ्यात भरस का कोणं पोट?" म्हातारीने वाकून पोळीचा मोठा घास रसात बुडवला आणि लताबाईच्या ओठांशी धरला. "मन्हा हातना एक घास. नही म्हनू नको."

सगळी पंगत हसत पाहत होती. लताबाईने जीवरामकडे पाहिलं. तो डोळ्यांनीच म्हणत होता, खा. तिने तोंड उघडलं. म्हातारीने दुसरा घास भरवला, तोही तिने घेतला.

मागच्या दारी मोरीपर्यंत ती कशीबशी पोचली. बऱ्याच वेळाने मान वर केली, तर पुष्पाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तांब्या तिच्या हातात न देता खाली ठेवला.

बाहेर जीवराम सांगत होता, "हिला ॲसिडिटी आहे."

आठवड्याने कमलबाई स्वतः जळगावला आली. दादा मिलमध्ये गेल्याची खात्री करून तिने लताबाईला आत बसवलं. "वहिनी, पोरगी त्यांना पसंत आहे. पण तुमच्याबद्दल विचारतात. ॲसिडिटीने माणूस अर्धा होतो का? खरं सांगा... दादाकडून तसलं काही लागलं नाही ना तुम्हाला?"

लताबाईला आधी हसूच आलं. मग गिरणीवरची कुजबुज आठवली.

तिने ठरवलं आणि कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी जीवराम गेल्यावर एस.टी. स्टँड गाठून धुळ्याची गाडी धरली. पांझरेच्या पुलावरून रिक्षा देवपुरात शिरली तेव्हा ऊन टळटळीत झालं होतं. पुष्पाबाई घरी एकट्याच होत्या. लताबाईने प्यायला पाणीही न मागता सगळं सांगितलं: चोपड्याची मावशी, मुंबई, पट्टा, बटण. मग पदर बाजूला केला आणि म्हणाली, "हात लावून पाहा. दुसरं काही नाही मला. तुमच्या देवाशपथ."

पुष्पाबाईंनी भीत भीत बोट लावलं. कातडीखाली टणक गाठ लागली. त्यांनी हात मागे घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"किती सोसलंत, बाई. आणि आमच्या सासूबाईंनी वर घास भरवले!"

त्यांनी मुगाची मऊ खिचडी टाकली, वर तूप सोडलं. लहान वाटी, लहान चमचा. आपलं ताट घेऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. मला कुठं जायचंय?" लताबाई चमचा चमचा खात राहिली. मधे दोघी बोलत होत्या, लोणच्यांचं, पोरांचं, नवऱ्यांचं. वाटी संपली तेव्हा पुष्पाबाईंचं ताट कधीच वाळलं होतं, पण त्या उठल्या नव्हत्या. ऑपरेशन झाल्यापासून लताबाई पहिल्यांदाच कुणाबरोबर जेवली होती. परतीच्या गाडीत तिला वाटलं, चारू या घरात सुखी होईल.

चार दिवसांनी कमलबाईचा फोन आला. जीवरामने घेतला. तो नुसता "हं, हं" करत होता. लताबाई दारात उभी होती. त्याने फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"धुळ्याला गेली होतीस?"

"त्यांना भलताच संशय होता. मी खरं ते सांगितलं."

"सांगितलंस ना? त्या बाई म्हणतात, आजाराचं भेव गेलं. पण ज्या पोरीच्या आईला पोट बांधून घ्यावं लागलं, तिच्या रक्तातच ते असणार. उद्या आमच्या सुनेलाही मुंबईला न्यायचं का?" त्याचा आवाज चढला. "पोट बांधून आणलं मी तुझं. तोंड बांधून आणायला पाहिजे होतं."

लताबाईला बाकी कशाचं एवढं लागलं नाही. पुष्पाबाई समोर बसून राहिल्या होत्या, त्या खिचडीचं लागलं. त्या दुपारची माया खोटी नव्हती, एवढं तिला कळत होतं. माया खरी आणि नकारही खरा, हे मात्र तिला गिळता येईना.

"मग काढून टाका हा पट्टा," ती म्हणाली. "ज्यासाठी घातला ते तर झालं नाही."

"आता कशाला? आत्ता कुठं माणसासारखी दिसायला लागलीस," जीवराम म्हणाला आणि मिलमध्ये निघून गेला.

पुढचं स्थळ भुसावळचं. या वेळी त्याने धोकाच पत्करला नाही. लताबाईला म्हणाला, "तू चार दिवस बोदवडला जा, उखर्डूकडे. भाऊ आजारी आहे म्हणून सांगतो." उखर्डू, तिचा भाऊ, धडधाकट कपाशी फवारत होता. लताबाई माहेरच्या ओट्यावर बसून राहिली आणि तिच्या मागे तिच्या मुलीचं लग्न ठरलं. आधी जाडी म्हणून ती आडवी येत होती, आता रोडावली म्हणून लपवावी लागली.

परत आली तेव्हा चारू जेवत होती. ताटात अर्धी भाकरी, थोडं वरण. घास तोंडात घेऊन ती किती तरी वेळ चावत होती, अगदी लताबाईसारखी. मग तिने ताट सारलं.

"हे काय? एवढंच?"

"पुरे झालं."

"तुझ्या पोटाला काही बांधलंय का? जेव नीट."

"नंतर जेवेन, आई."

"नंतर म्हणजे कधी?"

झोपाळ्यावरून जीवराम म्हणाला, "करू दे तिला तिच्या मनासारखं. पोरगी शहाणी आहे. वेळेवर खाणं आवरतंय तिला."

'नको जाऊ' म्हणून भांडणारी हीच पोर. लताबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली मान घालून उष्टं गोळा करत होती. लताबाईने तिच्या हातून ताट ओढून घेतलं आणि फतकल मारून बसली. उरलेली भाकरी कुस्करली नाही, भिजवली नाही. मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला, गिळला. त्यावर दुसरा. त्यावर तिसरा, कांद्यासकट.

"आई, काय करतेस? आई!"

मूठ छातीत आवळली. लताबाई उठली, मोरीशी जाऊन बसली. फेस येत राहिला, वरचेवर येत राहिला. जीवराम झोपाळ्यावरून उठला नाही. त्याने टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला. चारू मागे येऊन बसली आणि रडत रडत आईची पाठ चोळू लागली. तिच्या मनगटाची हाडं लताबाईच्या पाठीला लागत होती.