प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल

माझ्या धाकट्या मुलीला, मेव्हिसला, जुळं झालं ते वर्ष २०१४. जुळं मार्चमध्ये झालं आणि ऑक्टोबरात माझ्या बहिणीनं, आर्बुटसनं, सांगून टाकलं की यंदा ती हरणाच्या शिकारीला जाणार नाही. यंदा नाही आणि पुढंही नाही. आमच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत हे ऐकून लोक आधी तब्येतीची चौकशी करतात. आर्बी तेव्हा बासष्टची होती. तब्येत ठणठणीत होती. मांस तर ती दर हिवाळ्याला स्वतःच्याच हातचं खायची.

कारण मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी, हंगामाच्या दुसऱ्या दिवशी, तिनं एका हरणाला पोटात गोळी घातली होती. ते पळालं. आम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे फिरलो, दुसऱ्या दिवशी परत फिरलो. ओढ्याच्या पलीकडे थेंब संपले. हरीण काही सापडलं नाही.

ओढ्याकाठच्या आमच्या झोपडीत एक रीत आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कात्रीनं कापायचं, त्यावर नाव नि साल लिहून भिंतीला ठोकायचं. आर्बीचं एक टोक तिथं आधीच होतं. त्या संध्याकाळी ती आत आली, कात्री स्वतःच खुंटीवरून काढली आणि तिच्या दिराच्या, डेन्झिलच्या, हातात दिली. "काप," म्हणाली. डेन्झिलला भिंतीवरची टोकं वाढवायची भारी हौस. पण त्यानं कात्री परत खुंटीला लावली. नेम चुकला तर टोक कापतात. जनावर जखमी होऊन हरवलं तर काय करायचं, याची रीत कुणी घातलेली नव्हती.

आता रायफलीचं सांगतो. आर्बीचा नवरा वुड्रो २०११ च्या वसंतात गेला. त्याची रायफल चांगली होती, जड, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची, त्याच्या बापाकडून आलेली. त्या घरात बंदूक भावाकडून भावाकडे जाते. दफनाच्या दिवशी डेन्झिल ती घेऊन गेला. आर्बी काही बोलली नाही. शरद ऋतूत ती एकटीच गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि तिथली सगळ्यात स्वस्त रायफल घेऊन आली. काळा प्लास्टिकचा दस्ता, दुर्बीण कारखान्यातूनच बसवलेली. चाळीस वर्षं नवऱ्याबरोबर शिकार करून बाईची स्वतःची म्हणावी अशी ही पहिली बंदूक. डेन्झिल तिला डबडं म्हणायचा.

२०१४ च्या त्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी चर्चनंतर डेन्झिलनं आम्हा दोघांना त्याच्या कुरणात बोलावलं. त्याला वाटत होतं, वहिनीचा हट्ट घटकाभरात मोडता येईल. त्यानं टेबल मांडलं, वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि शंभर पावलांवर कागद लावला. मग त्या डबड्यातून स्वतः तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं बशीतल्या बिस्किटाखाली झाकली जातील इतकी जवळ.

"च्यायला," डेन्झिल म्हणाला. "वाईट नाही की."

"तोंड कडू झालं का रे?" आर्बी म्हणाली.

तीही टेबलाशी बसली. तिच्याही तिन्ही तिथंच.

"बघ," डेन्झिल म्हणाला, "बंदूक बरी आहे, तूही बरी आहेस. मग अडलंय कुठं?"

"अडलंय ते ओढ्याच्या पलीकडे मरून पडलं," ती म्हणाली.

डेन्झिलनं टोपी काढली, परत घातली. मग गाडीकडे गेला आणि वुड्रोची रायफल घेऊन आला. दस्त्याला नुकतंच तेल लावलेलं होतं. "हे घे, वहिनी. त्याचं होतं, तू वापर. ते डबडं मला दे, नातवंडं खारी मारतील."

मी म्हणालो, "अरे, त्यापेक्षा आहे तिलाच नवा चाप बसवू, दुर्बीण चांगली घालू. बिचारीनं हौसेनं घेतलीय."

"डबड्याला दागिने घालतोस होय?"

"तुझ्या गाडीला नाही का घातलेस?"

आमचं असं चाललं होतं. आर्बी दोन्ही बंदुका टेबलावर शेजारी ठेवून बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही दोघं बंदुकीचं बोलताय. मला एवढंच सांगा, गोळी बंदुकीनं चुकवली की मी? बंदुकीनं असेल तर बंदूक बदलता येईल. माझे डोळे, माझा हात गेला असेल तर वुडीच्या रायफलीनंही मी एक जनावर असंच सडायला सोडीन. ते मी करणार नाही. मग जंगल संपलं."

डेन्झिलनं वाळूच्या पिशव्या उचलल्या. मी तिची रायफल गाडीत ठेवली.

आम्ही तिच्या घरी गेलो. ती घेवडा आणि मक्याचा पाव गरम करायला लागली. मला वाचता यायला लागलं पन्नाशीत, चर्चच्या तळघरातल्या मोठ्यांच्या वर्गात. तेव्हापासून हाती लागेल तो कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. तिच्या ड्रॉवरमध्ये रायफलीबरोबर आलेली छोटी पुस्तिका होती, घडीसुद्धा न मोडलेली. बंदुकीबरोबरचं पुस्तक आमच्याकडे कुणी वाचत नाही. ते वाचणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं. मी ओळीखाली बोट धरून वाचायला लागलो. नवव्या पानावर लिहिलं होतं की नळी दस्त्याला कुठंही टेकता कामा नये, टेकली तर गोळी बाजूला जाते; मधून कागद सरकला पाहिजे.

मी खिशातून एक डॉलरची नोट काढली, नळीखाली घातली आणि मागं ओढत नेली. सरळ गेली.

"ठीक आहे की," डेन्झिल म्हणाला.

मी म्हणालो, "आर्बी, जंगलात तू कशी बसतेस तशी बस बघू."

"जेवण करपेल."

"करपू दे."

ती स्वयंपाकघरातच जमिनीवर बसली, गुडघे वर घेतले, रायफलीचा पट्टा डाव्या दंडाला एक वेढा देऊन ताणला आणि कोपर गुडघ्यावर टेकवलं. वुड्रो असाच बसायचा. त्यानंच तिला शिकवलं होतं. ताणलेल्या पट्ट्यानं बंदूक अंगाला कशी घट्ट बसते ते मी शंभरदा पाहिलेलं. पण वुड्रोचा दस्ता अक्रोडाचा होता. हा प्लास्टिकचा, आतून पोकळ. पट्ट्याच्या ओढीनं त्याचं नळीखालचं पुढचं टोक डावीकडे वाकलं. मी वाकून नोट घातली. उजव्या बाजूला ती अडकली. मी ओढली तर फाटायला लागली.

"पट्टा सोड," मी म्हणालो. तिनं सोडला. नोट सुटली.

डेन्झिल माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. "परत ताण," म्हणाला. परत अडकली. बराच वेळ तो ती नोट पुढं-मागं करत राहिला.

जेवण तसंच टाकून आम्ही पुन्हा कुरणात गेलो. आर्बी गवतात बसली, पट्टा ताणला आणि तीन गोळ्या झाडल्या. भोकं जवळजवळच होती, पण मधल्या खुणेच्या चार बोटं डावीकडे.

आर्बीनं कागदापाशी जाऊन चार बोटं भोकांना लावून पाहिली. मग म्हणाली, "ते हरीण दोनशे पावलांवर होतं. म्हणजे आठ बोटं. तोंड उजवीकडे होतं त्याचं." तिनं स्वतःच्या खांद्याखाली हात ठेवला आणि तिथून मागं, पोटाकडे नेला. "मी खांद्यामागेच धरला होता रे नेम, दादा. तिथंच धरला होता."

"हो, तिथंच धरला असशील," मी म्हणालो.

ती रडली. आम्ही दोघं कुंपणाकडे बघत उभे राहिलो.

डेन्झिलला आता हुरूप आला. "झालं तर मग! डबड्याचाच दोष. लाकूड असं वाकत नाही. वुड्रोची घे, पट्टा हवा तसा ओढ."

आर्बीनं नाक पुसलं. "नको."

"का पण?"

"डेन्झिल, तू ती नेलीस तेव्हा मी तुमच्याच घरच्या माणसांना बटाट्याचं सॅलड वाढत होते. खिडकीतून दिसलं मला तू गाडीत ठेवताना. तेव्हा हवी होती मला. तेव्हा विचारलं असतंस तर मी ती उशाशी घेऊन झोपले असते."

"आमच्याकडे तशीच पद्धत आहे गं. बाबांनीही..."

"माहीत आहे. म्हणून तर बोलले नाही. पण मग मी जाऊन माझी आणली. तीन वर्षं तुम्ही हसलात, मी ऐकून घेतलं. आता ती कुठं बिघडते हेही मला कळलंय. वुडीच्या बंदुकीबद्दल एवढं मला कुणी कधी सांगितलंच नाही. मी ती फक्त त्याच्याकडून मागून चालवायची."

डेन्झिलचं तोंड उतरलं. तो वाईट माणूस नव्हता. बापानं केलं तेच त्यानं केलं होतं, आणि त्या रायफलीला तो दर महिन्याला तेल लावायचा. ती गाडीत ठेवून तो आमच्याशी न बोलता घरात निघून गेला.

"मग पट्टा वापरू नकोस," मी आर्बीला म्हणालो. "फुकटात काम होईल."

"पट्ट्याशिवाय माझा हात हलतो. मला तसंच येतं. तू लाकूड कापण्यात जन्म घालवलास, तुला प्लास्टिक जाड करता येत नाही?"

प्लास्टिक जाड कसं करायचं ते लाकडाच्या गिरणीतल्या एका पोरानं मला सांगितलं. मी दस्त्याच्या पुढच्या पोकळीत जुन्या बाणांच्या दोन काड्या बसवल्या आणि वरून दोन ट्यूबांमधला, मिसळला की कडक होणारा गोंद ओतला. दोन दिवसांनी गोल काठीला सँडपेपर गुंडाळून नळीची खाच आतून घासली, उजवीकडे जरा जास्त. नवा चाप घातला नाही, नवी दुर्बीण घातली नाही. रायफल पावशेरानं जड झाली. आर्बीनं पट्टा ताणून धरला, मी नोट घातली. ती सुळकन मागं गेली. गवतात बसून तिनं दहा गोळ्या झाडल्या. सगळ्या मधे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यातल्या सोमवारी हंगाम सुरू झाला. ती माझ्याबरोबर आली. त्या दिवशी पलीकडच्या उतारावर मोठ्या शिंगांचा एक नर निघाला. आर्बीनं दुर्बिणीतून पाहिलं आणि बंदूक खाली घेतली. "लांब आहे," म्हणाली.  मंगळवारी काहीच आलं नाही. बुधवारी सकाळी सव्वाआठला एक मादी ओकच्या झाडांखाली पडलेली बोंडं खात आली, दीडशे पावलांवर. आर्बी बसली, पट्टा ओढला. तिचा श्वास मला ऐकू येत होता, मग ऐकू येईनासा झाला. गोळी सुटली. हरीण तीन उड्या मारून आडवं झालं.

आर्बी लगेच उठली नाही. पट्टा दंडालाच होता. "पडली ना?" तिनं विचारलं.

"पडली."

"नक्की?"

"अगं, इथून दिसतेय."

गोळीच्या आवाजानं डेन्झिल खालून आला. महिनाभर तो तिच्याशी बोलला नव्हता. त्यानं हरणाकडे पाहिलं, वाकून गोळीची जागा पाहिली, खांद्यामागे, अगदी जिथं हवी तिथं. मग मागचे पाय धरून म्हणाला, "वहिनी, तू शिंगांकडचं टोक धर."

"मादी आहे, शहाण्या. शिंगं नाहीत."

"मग कान धर."

तिघांनी मिळून आम्ही ती झोपडीपर्यंत ओढत आणली.

त्यानंतर आर्बी आणखी सहा हंगाम जंगलात आली. डेन्झिल २०१७ च्या एप्रिलमध्ये हृदयविकारानं वारला. माझी बहीण आर्बुटस ९ ऑगस्ट २०२१ रोजी, सोमवारी सकाळी, स्वतःच्या घरी वारली.