लेकीच्या घरचं पाणी

माझ्या नवऱ्याने आलिशान हॉटेलात राहायला जाताना घरून पाण्याची कॅन नेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चिडलेली दिसले तर कोणी मला दोष देणार नाही.

पाणी तरी कुठलं? भातकुलीकडचं! आमचा सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि नव्या पाहुण्याला चहा दिला तर पहिल्या घोटाला तो आमच्या तोंडाकडे पाहतो. ते पाणी घेऊन आम्ही निघालो परतवाड्याच्या वर, डोंगरात, जिथे झऱ्याचं पाणी गोड म्हणून लोक बाटल्या भरून नेतात. सोबत फडक्यात ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि कांदे. दोन दिवस पुरतील एवढ्या भाकरी मीच थापल्या, आणि एकेक भाकर अशी आपटून थापली की शेजारीण विचारायला आली.

कारण असं की ते हॉटेल आमच्या मुलीचं, प्रणालीचं. आमच्या घराण्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. नातवंड झालं की बंधन सुटलं. नत्थुजी, म्हणजे माझे यजमान, या बाबतीत एकदम पक्के. मी शाळेत मास्तरीण होते, मला असल्या रीती मानवत नाहीत. प्रणालीच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिच्याकडे पोटभर पुरणपोळी खाऊन आले आणि मला काही झालं नाही. पण ह्यांचे थोरले भाऊ खुशालराव म्हणतात, "रीत मोडाले अक्कल लागत नाही." ह्यांना ते पटतं.

इथेच घोडं पेंड खातं. प्रणालीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तिला मूल नाही. होणारही नाही. दवाखाने झाले, औषधं झाली, मग तिने आणि अमोलरावांनी, आमच्या जावयांनी, तो विषय शांतपणे मिटवला आणि डोंगरात जागा घेतली. रीत मात्र मिटली नाही. बाप दरवेळी लेकीच्या दारात जायचा, ती पाण्याचा गिलास पुढे करायची, तो हात जोडायचा आणि घरून आणलेल्या कॅनमधलं पाणी प्यायचा.

खरं तर हा माणूस जुन्या वळणाचाही नाही. पोरीने हॉटेलचं शिक्षण घ्यायचं म्हटलं तेव्हा खुशालरावांनी भर ओसरीत विचारलं होतं, "लोकाइचे उष्टे ताटं उचलाले पोरगी धाडून राहिला का?" तेव्हा भावापुढे कधी मान वर न करणारा हा माणूस म्हणाला होता, "उचलू दे. हात तिचे हायेत." आणि तिची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेऊन बडनेऱ्याच्या स्टेशनात गेला होता. म्हणून तर मला जास्त राग यायचा.

प्रणाली दोन वर्षं बोलावत होती. शेवटी हे तयार झाले, तेही अट घालून. फोनवर म्हणाले, "राहीन, पन जेवनार नाई." पलीकडून ती एवढंच म्हणाली, "बरं, बाबा."

एसटीत कंडक्टरने विचारलं, कुठे निघाले काका, एवढी कॅन घेऊन? हे म्हणाले, "जावयाचं हाटेल हाय वरते. तिकडं." मी कोपराने ढोसलं. "जावयाचं काहून? पोरीचं नाही का?" हे खिडकीबाहेर पाहायला लागले.

परतवाड्याला अमोलराव जीप घेऊन आले होते. घाट चढून गेल्यावर डांबरी रस्ता सुटला, मग फोनची रेंज सुटली, मग माणसंही सुटली. नुसता साग आणि मधूनमधून वानरं. हॉटेलची पाटी कुठे नाहीच. मला वाटलं, वाट चुकली. तेवढ्यात झाडी संपली आणि समोर काळ्या दगडाच्या आठ खोल्या दिसल्या, दरीच्या काठाला लागून, प्रत्येक खोली दुसरीपासून एवढी लांब की भांडण झालं तरी शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये. माझा तर ऊर भरून आला. तिथल्या दगडावर बसून सगळ्या गावाला फोन करावासा वाटला, पण रेंज नव्हती.

प्रणाली पायऱ्या उतरून आली. सुती साडी, केसांचा अंबाडा, चालण्यात एक रुबाब. वाकून नमस्कार केला आणि तांब्याच्या गिलासात पाणी पुढे केलं. मी घटाघटा प्यायले. हे म्हणाले, "आनलं हाय आमी," आणि कॅनवर हात ठेवला. तिने गिलास परत ट्रेमध्ये ठेवला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पोरगी बापावर गेली आहे, दुखलं तरी दाखवणार नाही.

खोली पाहून मात्र हे चक्रावलेच. पलंगावर उशांची रास. "इतल्या उशा कोनाले?" न्हाणीघरात दगडाची मोठी टाकी आणि दरीकडे नुसती काच. हे पाऊल आत टाकून लगेच बाहेर आले. "अवं, ह्याले परदा नाई! समोरचा डोंगर पाहून राहिला ना!" मी म्हटलं, डोंगराला दुसरी कामं आहेत, तुम्ही आंघोळ करा.

संध्याकाळी सगळे पाहुणे एका लांब मेजावर जेवायला बसले. मी नवं लुगडं नेसून गेले. शेजारी पुण्याच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, "इथल्या मालकीणबाई कमाल आहेत हो. माझ्या सासऱ्यांना दात नाहीत, हे मी सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यांच्या ताटात आपोआप सगळं मऊ आलं." मी म्हटलं, "ती माझी मुलगी आहे." मग पलीकडच्या गृहस्थांनी भाजीची तारीफ केली, त्यांनाही सांगितलं. मग ज्यांनी काहीच विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. स्वतःच्या पोरीचा अभिमान मिरवायला लाज कसली?

खोलीत परत आले तर हे पलंगाच्या कडेला वर्तमानपत्र पसरून भाकर कुस्करत होते. माझा पारा चढला.

"तुमची ती कॅन दरवेळी पोरीला काय सांगते, माहीत आहे का तुम्हाला?"

"काय सांगते? पानी हाय त्याच्यात."

"ती सांगते की बाई, तुला मूल नाही, म्हणून तुझं घर अजून घर नाही. अकरा वर्षं हेच सांगते आहे."

ह्यांचा हात थांबला. "मी असं कधी म्हनलं नाई."

"तुम्ही कशाला म्हणाल? कॅन बोलते ना."

 ह्यांनी उरलेली भाकर तशीच बांधून ठेवली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सकाळी न्याहारीला बोलावणं आलं तेव्हा पुन्हा तेच गाठोडं सोडलं.

न्याहारीनंतर मात्र हे आवारात फिरत राहिले आणि मी मागून पाहत राहिले. प्रणाली एका खोलीतल्या चादरीची सुरकुती स्वतः ओढून सरळ करत होती. मग एका परदेशी पाहुण्याशी इंग्रजीत बोलली. मग पाइप तुंबला म्हणून पदर खोचून माळ्यासोबत खाली बसली. प्रत्येक माणूस तिला विचारायला येत होता, अमोलरावसुद्धा. "मामाजी, मी हिसाब अन् गाड्या पाहतो. बाकी सारं तिचंच राज्य हाय," असं त्यांनी हसून सांगितलं. हे हसले नाहीत, पण मान ताठ झाली होती. माझ्या नजरेतून ते सुटत नाही.

दुपारच्या जेवणाला रोडगे होते. उतारावर गोवऱ्या रचून जगरा पेटवला होता आणि त्या लाल निखाऱ्यांत कणकेचे गोळे भाजायला टाकले होते. हे जवळ जाऊन उभे राहिले. खोट काढायलाच गेले असणार, कारण रोडगे हा ह्यांचा प्रांत. दरवर्षी आमच्या वावरात रोडग्यांचं जेवण असतं. गावातले, वाटसरू, मजूर, सगळे जेवतात आणि हे स्वतः जगऱ्याजवळ उभे राहून वाढतात. शेवटच्या माणसाने हात धुतल्याशिवाय हे घास घेत नाहीत. एका वर्षी पंगत उठल्यावर एक धनगर मेंढ्या घेऊन आला, तर हाती घेतलेलं ताट ह्यांनी त्याच्यापुढे ठेवलं होतं. छोटी प्रणाली तेव्हा ह्यांच्या धोतराला धरून उभी असायची.

"जगरा कोनं लावला?" ह्यांनी विचारलं.

"मॅडमनं," शकुन म्हणाली. शकुन म्हणजे तिथली स्वयंपाकीण, खालच्या गावची. "त्या कोनाले हात लावू देत नाई."

पाहुणे झाडाखाली जेवायला बसले. काशाची ताटं, वांग्याची भाजी, वरण, रोडग्यावर तुपाची धार. प्रणाली वाढत होती. हे लांब एका दगडावर गाठोडं सोडून बसले. भाकर आता चामड्यासारखी झाली होती. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण जवळच उभी होते. तेवढ्यात शकुन आली.

"बाबाजी, तुमी जेवून घ्या ना जी. मॅडम कालपासून नुसत्या चहावर हायेत."

"काहून? बिमार हाय का?"

"नाई जी. हाटेलातला एकही पाहुना जेवाचा राह्यला, तर मॅडम जेवत नाई. पह्यल्या दिवसापासून असंच हाय. एकदा एक साहेब पोट बिघडून पडले होते. त्याइले पेज पाजली, तवा कुठं ह्याइनं घास घेतला."

"पन मी उपाशी नाई ना. मी माही भाकर खाल्ली."

"थे तुमच्या घरची. ह्याइच्या चुलीवरचं कुठं खाल्लं तुमी?"

शकुन गेली. हे हातातल्या तुकड्याकडे पाहत बसले. मीही गार पडले. खाण तशी माती! मी दोन्ही वेळा पोटभर जेवून ऊर फुगवून फिरत होते आणि माझी पोरगी उपाशीपोटी लोकांना तूप वाढत होती.

पाहुणे उठून गेले. हे गाठोडं बांधून प्रणालीपुढे जाऊन उभे राहिले.

"तू जेवली नाई म्हने."

"पाहुने जेवले की जेवते, बाबा."

"कोन राह्यलं आता?"

तिने ह्यांच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"मी पाहुना व्हय का व तुह्या घरी?"

"तुमीच त ठरवलं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. पण मला ते काळजात लागलं, आणि ह्यांनाही लागलेलं मी पाहिलं. पायाखालची माती चपलेने उकरत हे उभे राहिले. मग मान वर करून म्हणाले, "ठरवलं होतं. चुकलं माहं."

एवढं बोलून हे चालू लागले, ते थेट स्वयंपाकघराच्या मागे, जिथे कामाची माणसं जेवतात तिथे. चपला काढल्या आणि जमिनीवर मांडी घातली. प्रणाली लगबगीने मागे आली. "बाबा, इथं नका बसू, मी वरते ताट लावते."

"वरते पाहुने बसतात," हे म्हणाले. "पाहुना आधी जेवते, घरचा मांगून जेवते. मी मांगून जेवीन. बस इथं. तू घास घेतल्याबिगर मी घेत नाई, सांगून ठेवतो."

मग अमोलराव आले, शकुन बसली, माळी बसला. प्रणालीने पाण्याचा गिलास भरून ह्यांच्यापुढे धरला.  हे पूर्ण गिलास प्यायले, थेंब ठेवला नाही. "गोड हाय," म्हणाले. मग तिने रोडगा फोडला, ह्यांनी फोडला, आणि बापलेकीने एकाच वेळी घास घेतला. खालमानेने जेवता जेवता हे बोलले, "नातवाचं मनात ठेवू नको, बाई. माह्या घरात तू कधी कमी पडली नाई. अन् तुह्या घरात काही कमी दिसलं नाई मले."

आता मात्र ती रडली. मलाही रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून तूप कुठे ठेवलं म्हणून मी शकुनवर ओरडले. हे चार रोडगे जेवले.

दुसऱ्या दिवशी निघताना हे कॅन घेऊन झाडाकडे गेले तशी प्रणाली ओरडली, "बाबा, झाडाले नका टाकू थे पानी, जळन झाड!" मग ते खारं पाणी ह्यांनी विझलेल्या जगऱ्याच्या राखेत ओतलं, झऱ्यावर जाऊन कॅन विसळली आणि काठोकाठ भरून आणली. एसटीत ती मांडीवर घेऊन बसले. मला हात लावू दिला नाही.

घरी पोचलो तर खुशालराव ओसरीवर हजर. विचारपूस करायची होती त्यांना, आणखी काय! "काय म्हनते जावयाचं हाटेल?"

हे तडक आत गेले. कॅनमधून पितळी गिलास भरला आणि बाहेर आणून थोरल्या भावापुढे धरला.

"प्या, दादा. गोड पानी हाय."

"कुठचं?"

"माह्या प्रणालीच्या घरचं," हे म्हणाले. "मी पिऊन आलो. जेवूनही आलो."

खुशालरावांनी गिलासाकडे पाहिलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे. मी पदर खोचून दारातच उभी होते. ह्यांचा हात तसाच पुढे होता, अजिबात खाली येत नव्हता. खुशालरावांनी गिलास घेतला. एक घोट घेतला, थांबले, आणि मग सगळं पाणी प्यायले.

"अजून हाय का?" त्यांनी विचारलं.

"लय हाय," हे म्हणाले. "पोरीच्या घरी कमी नाई."