जागी करंगळी

डॉक्टरीणबाईंनी मनगटावर टिचकी मारली आणि स्टेनोच्या मधल्या बोटापर्यंत झिणझिण्या धावत गेल्या.

"नस अडकलीय मनगटात," त्या म्हणाल्या. "अंगठा, पुढची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर. करंगळीला धक्का नाही, तिची नस वेगळ्या वाटेनं जाते. छोटंसं ऑपरेशन आहे. सोबत कोण येईल?"

"आहे की घरी," स्टेनो म्हणाला.

बत्तीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतलेल्या हातात करंगळीच तेवढी शाबूत राहावी, याचं त्याला नवल वाटलं नाही. तिनं आयुष्यात काडीचं काम केलं नव्हतं.

घरी कुणी नव्हतं. बायको लेकीच्या बाळंतपणाला पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली होती, त्याला आता आठवा महिना लागला होता. फोनवर रोज म्हणायची, "अहो, अडकलेय हो इथं." आधी बाळ मान धरत नव्हतं, मग पालथं पडू लागलं, आता दात येत होते. हे असंच चाललं तर नातू पदवीधर झाल्याशिवाय सुटका नव्हती. "राहा की, माझं मजेत चाललंय," असं स्टेनो सांगायचा आणि फोन ठेवून तिची उशी झटकायचा. उशी रोज झटकून झटकून स्वच्छ झाली होती.

शेजारच्या जमादारांनी पोलिसात असताना बनावट गिऱ्हाईक होऊन चोरीचा माल विकणारे पकडून दिले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "बोलावलं की माणूस सबबी सांगतो, साहेब. सापळा लावा."

"बायकोला?"

"आमिष साधं ठेवा. वहिनींना काय बघवत नाही?"

स्टेनो चक्क लाजला. "चुकलेलं बटण."

बुधवारी दुपारी त्याने सदऱ्याची बटणं एकेक काज चुकवून लावली. बधिर बोटांनी नीट लावायला दहा मिनिटं लागत, चुकवायला पंधरा लागली. जमादारांनी फोटो काढला. "हसू नका, आरोपीला संशय येतो." फोटो लेकीकडे गेला. खाली मजकूर: बाळाला आजोबा दाखव.

पाठवल्यावर स्टेनोला चैन पडेना. सापळ्याच्या प्रत्येक खटल्यात बचावाचा वकील उठून हमखास एकच प्रश्न विचारायचा: सापळा लावलाच नसता, तर या माणसाने हे केलं असतं का? लिहून लिहून लघुलिपीत त्या अख्ख्या प्रश्नाची एकच रेघ झाली होती. उत्तराकडे त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. आता मात्र त्याला तेवढंच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी दारात टॅक्सी थांबली. बायको पिशवीसकट आत आली. तो सदरा स्टेनोच्या अंगावर तसाच होता. पुराव्याला हात लावायचा नसतो.

"आधी इकडे या," म्हणत ती बटणं सोडून पुन्हा लावू लागली. तिसऱ्या बटणाला स्टेनोच्यानं राहवेना.

"मुद्दाम चुकवली होती. तू यावंस म्हणून."

तिचे हात थांबले. तिनं पर्समधून तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "कधी काढलंय, वाचा."

"सोमवारी."

"आणि तुमचा फोटो बुधवारचा. लेकीला म्हटलं, दात माझ्याविना येतील, मी निघाले."

"मग फोनवर बोलली का नाहीस?"

"तुमचं मजेत चाललं होतं ना? म्हटलं, न सांगता छापा घालावा. बघू तरी कसली मजा!" आणि मग आवाज उतरवून, "हाताला काय झालंय हो?"

तिनं त्याची बोटं हातात घेतली. इतके महिने ज्या हाताची वाट पाहिली तो आला होता, आणि अंगठ्याला त्याचा पत्ताच नव्हता. बाकीच्या बोटांना वाटलं, कुणीतरी जाड हातमोजा घातलाय. स्टेनोने हळूच हात वळवला आणि करंगळी तिच्या करंगळीत अडकवली. तिचा हात प्रवासानं गार पडला होता.

"या वयात कट्टी घेताय?" ती म्हणाली.

"नाही गं," स्टेनो म्हणाला, "एवढीच जागी आहे."