आधार कुठाय?

शनिवारी माझं शिवणकामाचं दुकान उघडायचं होतं. गिऱ्हाइकांना सांगून बसले होते, घरातली मशीनही तिथे हलवली होती आणि आमचं घर चालतं ते त्या मशीनवरच. अडलं होतं इन्स्पेक्टरबाईंपाशी. वायरिंग त्यांनी पास केल्याशिवाय दुकानाला वीज मिळणार नव्हती.

वायरिंग आमच्या ह्यांनी केलं होतं, मोबाइलवर बघून. नोकरी सुटल्यापासून हे सगळंच मोबाइलवर बघून करतात आणि आल्यागेल्याला ऐकवतात, "हिच्या दुकानाला माझाच तर आधार आहे!" मी दाताने दोरा तोडते आणि गप्प बसते.

बाई आल्या, शिडीवर चढल्या, छताची एक फळी सरकवून त्यांनी आत बॅटरी मारली.

"आधार कुठाय?" त्यांनी वरूनच विचारलं.

हे शर्ट नीट करत पुढे झाले. "मीच. बोला ना."

"तुमचं नाही हो विचारत, वायरचा आधार!"

दाराशी बसलेल्या सासूबाईंना ठसकाच लागला. बाईंनी वायर एका बोटाने ओढली, तर हातभर खाली आली. आत औषधाला क्लिप नव्हती. अख्खी वायर पाण्याच्या पाइपवर खुशाल लोळत पडली होती.

"पण दिवे लागतील ना?" हे म्हणाले.

"लागतील की. पण हिचा भार पाइपने का वाहायचा? त्याला त्याचं काम आहे. उद्या पाइप काढला तर ही कुणाच्या तोंडाकडे बघणार? क्लिपा मारा. शुक्रवारी येऊन ओढून बघेन. लोंबली तर नापास."

पाइप बिचारा कुरकुरत नाही, म्हणून त्याला कुणी विचारतही नाही. त्या गंजक्या पाइपसाठी माझे डोळे भरून आले. रागही आला, ह्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

बाई गेल्यावर ह्यांनी क्लिपा आणल्या आणि शिडीपाशी उभे राहून फर्मावलं, "अगं, शिडी धर. एकेक क्लिप दे. आणि मधेच जरा चहा टाक."

"मी पाइप नाही," मी म्हटलं.

ह्यांना काही कळलं नाही. सासूबाईंना बरोबर कळलं. त्या म्हणाल्या, "शिडी भिंतीला टेकव रे. क्लिपा खिशात ठेव."

शुक्रवारी बाईंनी वायर ओढली, मग जोर लावून ओढली. ती जागची हलली नाही.

"कुणी केलं?"

"ह्यांनी," मी म्हटलं. "एकट्याने."

आणि ह्यांनी पहिल्यांदाच कुणाला काही ऐकवलं नाही. शिडी उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली.