मी, दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर

मी दुसऱ्या खेळाडूचा कंट्रोलर. व्हिडिओ गेम खेळताना सोबतीला बसलेल्या माणसाच्या हातात देतात ना, तोच. पहिला कंट्रोलर मालकिणीचा, चकचकीत, चार्जिंगवर पहिला हक्क त्याचा. मी कधी उशीखाली, कधी सोफ्याच्या फटीत पडलेला असायचो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरं सांगायचं तर हल्ली माझी कशाबद्दलच तक्रार नाही.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पट्टा सरकत होता, कुणीतरी माझी बटणं दाबून पाहिली आणि पोटातली मोटर फिरवून पाहिली. ही मोटर म्हणजे माझा जीव होता. पडद्यावर होडी खडकावर आपटली की मी हातात थरथरायचो आणि खेळणारा दचकायचा.

मला विकत आणलं या घरातल्या लेकीनं. तिचं काम ऐकून लोकांना हसू येतं. ती गेम खेळते आणि त्यांच्यावर लिहिते. गोष्ट कशी रचलीय, शेवट जमलाय का, दुसरा भाग नेमका कशासाठी काढला, असं सगळं. "म्हणजे खेळायचा पगार?" असं प्रत्येक नातेवाईक एकदा तरी विचारतो. तिचे बाबा तिला परीक्षकबाई म्हणायचे.

दोघांनी मिळून खेळायचे गेम तिला एकटीला तपासता येईनात, म्हणून तिनं बाबांना शेजारी बसवलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. ते मला शेवटपर्यंत रिमोटच म्हणाले. खेळात अगदी ढ. शत्रू अंगावर आला की मला डोक्याच्या वर धरायचे, म्हणजे जणू त्यांचा माणूस उडी मारेल. आणि लांब कुठे डोंगर दिसला, दिवा दिसला, की भर लढाईत थांबायचे.

"बाबा, चला ना! मरतेय मी इथे!"

"थांब गं. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो. मलाही जरा लांबचं बघू दे."

मग ती मरायची आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

त्यांचा आवडता गेम नदीचा होता. दोन प्रवासी नदीच्या काठाकाठानं चालतात, शेवटी एक म्हातारा नावाडी त्यांना पलीकडे सोडतो. तो फक्त एवढंच बोलायचा, "बसा. हलू नका." पलीकडे पोहोचताना वादळ येतं, प्रवासी वाचतात आणि रिकामी होडी तेवढी काठाला लागते. बस्स. बाबांनी मला मांडीवर ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. लेकीनं परीक्षणात त्या रिकाम्या होडीचं फार कौतुक केलं.

गेम खपला. खपल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. दुसरा भाग आला आणि त्यात नावाडी चक्क जिवंत. वर तोंडाची टकळी सुरू! आपलं बालपण, आपलं दुःख, नदीचा इतिहास, काही विचारू नका. बाबांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हा तो नव्हे," ते म्हणाले.

लेकीनं त्या भागाची सालटी काढली. तिनं लिहिलं, 'गेलेल्या माणसाला परत आणलं की त्याचं जाणं खोटं ठरतं, आणि मग त्याचं असणंही खोटं वाटायला लागतं. गोष्ट संपवायला हिंमत लागते.' वाचकांनी तिला शिव्या घातल्या. बाबा त्या शिव्या चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि पोट धरून हसायचे. असंच एकदा ते हसत असताना मी त्यांच्या मांडीवरून फरशीवर आपटलो आणि माझी मोटर गेली. तेव्हापासून पडद्यावर डोंगर कोसळला तरी मी गार. लेक म्हणाली, नवा आणू. बाबा म्हणाले, "राहू दे, याला आता माझ्या हाताची सवय झालीय."

पुढे एका संध्याकाळी बाबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिथेच पायरीवर बसले. ते उठले नाहीत. हे मी घरातल्या बोलण्यावरून जमवलं. माणसं आली, चपलांचा ढीग झाला, माणसं गेली. मी सोफ्याच्या फटीत होतो. लेक रडली नाही. ती परीक्षणं लिहीत राहिली, वेळेवर देत राहिली, आणि सगळे म्हणाले, खंबीर आहे हो पोरगी.

मग नदीच्या गेमचा तिसरा भाग आला. यात नावाड्याला तरुण केलं होतं. पण मोठी जाहिरात वेगळ्याच गोष्टीची होती. दुसरा खेळाडू हजर नसेल तर त्याचा प्रवासी आपोआप चालणार, तोही त्या खेळाडूच्याच सवयींनी. आधीच्या भागांत तो कसा खेळला, हे मशीननं साठवून ठेवलेलं होतं.

लेकीनं गेम सुरू केला. दुसरा प्रवासी नदीकाठानं चालू लागला. पलीकडे डोंगर दिसला आणि तो थांबला.

"बाबा, चला ना," तिच्या तोंडून निघून गेलं.

तो उभाच राहिला. तीही बसून राहिली, चहा गार झाला.

त्यानंतर ती रोज सकाळी तेवढंच करू लागली. गेम लावायचा, त्याला डोंगरासमोर नेऊन उभं करायचं आणि बघत बसायचं. पुढे जायचं नाही. पुढे गेलं तर शेवट येणार, दोघांना होडीत बसावं लागणार. संपादकांचा फोन यायचा. "अहो, बाकी सगळ्यांचं छापून झालं. अडलंय कुठं?" ती म्हणायची, "बघतेय अजून." मीही शेजारी पडून बघत होतो. मला काही वाटत नव्हतं. तिलाही वाटत नसावं, कारण तिचा चेहरा पडदा बंद असला तरी तसाच असायचा.

तिची आई प्रयोगशाळेत रक्त काढायच्या कामाला होती. हात इतका हलका आणि स्थिर, की रडकी पोरंसुद्धा तिच्याचकडे जायची. गेमच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. त्या सकाळी मात्र ती डबा भरता भरता बाहेर आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हा कोण, तरुण?"

"नावाडी. पुन्हा आणलाय."

"पुढच्या भागात पाळण्यात घालतील." मग तिला डोंगरासमोर उभा असलेला दुसरा प्रवासी दिसला. तिनं डबा तसाच उघडा खाली ठेवला. "हे... यांच्यासारखं उभं आहे गं."

लेकीनं नुसती मान हलवली. आई सोफ्यावर बसली, तिच्या हाताखाली मी आलो, तिनं मला उचललं. पडद्यावर लगेच पाटी आली. 'नवा खेळाडू? आधीच्या सवयी पुसल्या जातील.'

"आई, बटण दाबू नकोस!" लेक ओरडलीच. "दाबलंस तर बाबा..."

"बाबा काय?"

लेकीनं आपला कंट्रोलर बाजूला ठेवला.

"मला तुझ्या खेळातलं काही कळत नाही," आई हळूच म्हणाली. "तू म्हणशील तर ठेवते खाली. पण ते इथे असते आणि हे बघितलं असतं, तर काय म्हणाले असते?"

लेकीनं पडद्याकडे पाहिलं. तो प्रवासी डोंगर बघत होता, आणि नावाडी मागे बडबडत होता.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दाब."

आईनं बटण दाबलं. प्रवासी डोंगराकडून वळला, झाडाला धडकला आणि सरळ पाण्यात पडला.

"अगं बाई! आणि हे बघ, हे थरथरतंय माझ्या हातात."

"त्याची मोटर बिघडलीय, आई. तो थरथरत नाही."

"अगं, थरथरतंय की! हात लाव."

लेकीनं हात लावला. मग तिनं आईच्या हातांकडे पाहिलं आणि ते दोन्ही हातांनी घट्ट धरले. मी मध्येच होतो. लेक रडली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि आईनं डब्याचं झाकण तसंच उघडं राहू दिलं.

आता मी सोफ्याच्या फटीत नसतो. आई कामावरून आली की मला मागते, तीही रिमोटच म्हणते. ती ज्याला त्याला धडकते, पाण्यात पडते, आणि लेक तिच्यावर वैतागते. परीक्षण छापून आलं, शिव्याही आल्या, त्या आता आई वाचून दाखवते. मला अजून काही वाटत नाही, मोटर नाही ना. गोष्टी लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की त्या नावाड्याला आता जाऊ द्या. आणि घरच्यांनो, मला तेवढं चार्जिंगला लावत जा. आईला अजून होडीपर्यंत पोहोचायचं आहे.